बाळकुमच्या नाल्याची रुंदी नेमकी ठरवतं कोण?

मे महिना आला की ठाण्यात दोन गोष्टी हमखास घडतात. नालेसफाईचे फोटो येतात आणि त्या फोटोंखाली भांडणं सुरू होतात. गाळ खरंच काढला का? काढला तर टाकला कुठे? की काठावरच ठेवला, पहिल्या पावसात परत आत जायला? प्रश्न रास्तच आहेत. पण एक प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. हा नाला एवढाच रुंद का आहे?

बाळकुमसाठी हा प्रश्न जरा जास्तच महत्त्वाचा. पश्चिमेला येऊरचे डोंगर, म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा ठाण्याकडचा उतार. पूर्वेला खाडी, पलीकडे कशेळी आणि भिवंडी. मधे घोडबंदर रस्ता आणि इमारतींची गर्दी. डोंगराच्या पायथ्यापासून खाडीपर्यंतचं अंतर जेमतेम तीन-चार किलोमीटर. एवढ्याशा अंतरात या भागातलं पाणी वर डोंगरी ओढा असतं, मधे शहरी नाला होतं आणि खाली भरती-ओहोटीच्या तालावर चालतं.

डोंगरातला ओढा जिना बांधतो

पावसाळ्यात येऊरसारख्या उतारावरचा ओढा पाहिला तर तो सरळ वाहताना दिसत नाही. चार-पाच मोठे धोंडे एकमेकांत अडकून बसलेले असतात, त्यांच्यावरून पाणी खाली पडतं, पडतं तिथे खड्डा होतो, मग पुढची पायरी. त्या खड्ड्याला कोकणात कोंड म्हणतात. ३ ते ८ टक्के उताराच्या ओढ्यांमध्ये ही पायरी-कोंड रचना जगभर दिसते.

या रचनेचा उपयोग काय? वेग मारणं. प्रत्येक पायरीवरून पडताना पाण्याचा जोर कोंडातल्या घुसळणीत संपतो. पायऱ्या नसत्या तर तेच पाणी काठ आणि तळ खरवडत सुटलं असतं.

आता रुंदी. १९५३ मध्ये ल्यूना लिओपोल्ड आणि थॉमस मॅडॉक या अमेरिकी शास्त्रज्ञांनी अनेक नद्यांची मोजमापं एकत्र करून एक साधा संबंध मांडला. नदीच्या वाटेवर पाणी वाढत जातं, तशी रुंदी साधारण त्या पाण्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. पाणी चौपट, तर पात्र दुप्पट.

तीव्र उताराच्या ओढ्यात मात्र हे गणित थोडं बिघडतं. तिथे काठ मातीचे नसून कातळाचे किंवा धोंड्यांचे असतात. रोजचा पाऊस त्यांना हलवू शकत नाही. ते हलतात दहा-वीस वर्षांतून येणाऱ्या मोठ्या लोंढ्यात. म्हणून असा ओढा बहुतेक दिवस त्याच्या पाण्याच्या मानाने उगाचच ऐसपैस वाटतो. शहरात नेमका इथेच घोटाळा होतो. अकरा महिने रिकामी दिसणारी जागा 'वाया चाललेली' वाटते.

पायथ्याशी खरी गोची

उतार तीव्र असेल तर पाणी जोरात जातं, त्यामुळे कमी रुंदीत भागतं. पायथ्याशी उतार मोडतो, वेग पडतो आणि तेवढंच पाणी न्यायला जास्त जागा लागते. वरून आणलेले दगडगोटेही तिथेच पडतात. म्हणून मोकळा सोडलेला ओढा डोंगरातून बाहेर पडला की पसरतो, फाटे फोडतो.

आणि आपण नेमकं तिथेच त्याला दोन भिंतींत बसवतो.

काँक्रीटच्या बाजूने एक युक्तिवाद असतो आणि तो अर्धा खरा आहे. गुळगुळीत भिंतीत पाण्याला अडथळा कमी, त्यामुळे कमी रुंदीतून जास्त पाणी जातं. पण ते पुढे कुठे जातं? बाळकुमच्या बाजूला जमीन जवळजवळ सपाट आहे आणि पुढे खाडी. भरती असेल तर पाणी बाहेर पडायलाच जागा नाही. वरून ते लवकर पोहोचलं एवढंच, मग तुंबून बसलं. शिवाय वेग दुप्पट झाला की पाण्याला ढकलता येणाऱ्या दगडाचं वजन सुमारे ६४ पट होतं. नाल्यात आलेले गोटे खालच्या मोरीत अडकतात आणि पुढच्या मे महिन्यात 'गाळ' म्हणून फोटोत दिसतात.

मुंबईने शिकलेला हिशेब

मुंबईची जुनी पर्जन्यवाहिनी ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी होती आणि त्यातलं निम्मं पाणी जमिनीत मुरेल असं धरलं होतं. १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने ताशी ५० मिलिमीटर धरायला सांगितलं आणि मुरणं जवळपास शून्य. म्हणजे चौपट पाणी. नदीच्या नियमाने पात्र दुप्पट रुंद हवं. ते वेळेत झालं नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि विहार तलावाकडून येणाऱ्या, भराव आणि बांधकामांनी आवळलेल्या मिठी नदीने काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे. नंतर माधवराव चितळे समितीनेही मिठी रुंद करायला सांगितलं.

ताशी ५० मिलिमीटर म्हणजे नेमकं किती? एक चौरस किलोमीटरवर असा पाऊस सतत पडत राहिला आणि सगळं पाणी वाहून आलं, तर सेकंदाला जवळपास १४ हजार लिटर. दर सेकंदाला दहा हजार लिटरचा एक टँकर आणि वर थोडं.

आता खाडीच्या तोंडाशी नवा रस्ता

एमएमआरडीएचा बाळकुम ते गायमुख हा सुमारे १३ किलोमीटरचा किनारी रस्ता घोडबंदर रस्त्याला समांतर, खाडीच्या बाजूने जातो. घोडबंदरच्या कोंडीत रोज दोन तास घालवणाऱ्यांना तो हवाच आहे, आणि त्यात गैर काही नाही. पण येऊरकडून खाडीत जाणारा प्रत्येक नाला या रेषेला कुठेतरी छेदणार. रस्ता खांबांवर असेल तिथे पाण्याला फारसा फरक पडत नाही. भरावावर असेल तिथे सगळं मोरीच्या मापावर येतं. ते माप आजच्या बांधलेल्या नाल्याच्या रुंदीवरून घेतलं, की डोंगरातून येऊ शकणाऱ्या मोठ्या लोंढ्यावरून आणि भरतीच्या पातळीवरून? जनसुनावणीत किंवा माहितीच्या अधिकारात विचारता येण्यासारखा हा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर मीटरमध्ये मिळायला हवं.

तोवर एक काम घरबसल्या करता येतं. गूगल मॅप्सवर अंतर मोजायची सोय आहे. आपल्या जवळचा एखादा नाला निवडायचा आणि रुंदी तीन ठिकाणी मोजायची: डोंगरातून बाहेर पडतो तिथे, घोडबंदर रस्त्याखालून जातो तिथे आणि खाडीला मिळतो तिथे. मधला आकडा सगळ्यात लहान निघाला, तर तो आकडा आणि स्क्रीनशॉट पुढच्या नालेसफाईच्या फोटोखाली टाकायला हरकत नाही.