आधी माणसं मोजा, मग किनारा आखा



रे रोड स्टेशनच्या पूर्वेला, बंदराच्या जमिनीवर वसलेल्या एका वस्तीत कामानिमित्त आमचं जाणं-येणं असतं. गल्लीच्या तोंडाशी निळे ड्रम रांगेत उभे असतात. पाणी विकत घ्यायचं, पाइपने ड्रम भरायचा, पैसे मोजायचे. मागच्या खेपेला तिथल्या एका आजीने विचारलं, "ताई, इथं मोठ्या बोटी येनार, बगीचा व्हनार म्हनतात. त्या कागदात आमचं नाव कुठं हाय का?"

मी गप्प राहिले. कारण उत्तर मला माहीत होतं आणि ते तिच्यासमोर उच्चारायला जड जात होतं. मुंबईच्या पूर्व किनाऱ्याच्या पुनर्विकासाबद्दल गेल्या दहा वर्षांत जे काही लिहिलं-बोललं गेलं, त्या सगळ्यावर आजीचा हा एक प्रश्न पुरेसा आहे.

ससून डॉकपासून वडाळ्यापर्यंतचा हा पट्टा. २०१४ साली केंद्राने राणी जाधव समिती नेमली. २०१८ साली मुंबई पोर्ट ट्रस्टला विशेष नियोजन प्राधिकरणाचा दर्जा मिळाला आणि सुमारे ९६६ हेक्टरच्या नियोजनाचा आराखडा पुढे आला. क्रूझ टर्मिनल, मरीना, समुद्रालगतची पायवाट, कार्यालयांचे मनोरे, शिवडीहून घारापुरीला जाणारा रोपवे, अशी चित्रं वर्तमानपत्रांत झळकली. चित्रांत फुगे घेतलेली मुलं आहेत, सायकलवरची जोडपी आहेत. ड्रम घेऊन उभी असलेली बाई कुठेच नाही.

कोणी लगेच म्हणेल, झालं, आले विकासाला विरोध करणारे. तर आधीच सांगते. आम्ही बाबासाहेबांची लेकरं आहोत. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना दामोदर खोऱ्याच्या योजनेला आकार देणारे, १९४५ साली देशातल्या जलमार्ग, सिंचन आणि नौकानयनासाठी केंद्रीय आयोग उभा करणारे बाबासाहेब. धरण, वीज, बंदर, रस्ता यांची भीती आम्हाला कोणी शिकवलेली नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे की सार्वजनिक जमिनीवरच्या सार्वजनिक कामात 'सार्वजनिक' म्हणजे नेमकं कोण?

हे बंदर कोणी उभं केलं ते आठवून पाहा. १८७३ साली बॉम्बे पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. मग प्रिन्सेस डॉक, व्हिक्टोरिया डॉक, अलेक्झांड्रा डॉक. समुद्रात भराव टाकून जमीन तयार झाली. तो भराव टोपलीने टाकला गेला, आणि टोपली कोणाच्या डोक्यावर होती हे सांगायला इतिहासकार लागत नाही. गावकुसाबाहेरून मुंबईत आलेल्या आपल्या माणसांना गिरणीतलं चांगल्या मजुरीचं विणकाम खातं बंद होतं. तिथे धागा तोंडाने ओढावा लागे आणि अस्पृश्याच्या तोंडाचा धागा सवर्ण कामगाराला चालत नसे. १९२८च्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर मांडला. ज्यांना विणकाम खात्याचं दार बंद, त्यांच्यासाठी उरली गोदी, रेल्वे आणि सफाई. कोळसा, गोणी, लाकूड, लोखंड. जिथे फक्त पाठ लागते, तिथे जात आडवी आली नाही.

१४ एप्रिल १९४४. बाबासाहेबांचा त्रेपन्नावा वाढदिवस. त्याच दिवशी व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन जहाजावरच्या दारूगोळ्याचा स्फोट झाला. आग विझवताना अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्या स्मृतीसाठी आजही देशभर अग्निशमन सेवा दिन पाळला जातो आणि तो पाळायलाच हवा. पण त्या दिवशी गोदीत काम करणारे हमाल नेमके किती मेले, याचा पक्का आकडा कधीच लागला नाही. ज्यांची हजेरी पक्की नव्हती त्यांचं मरणही पक्कं नोंदलं गेलं नाही. ऐंशी वर्षांनंतर त्याच किनाऱ्यावर आजी विचारते, आमचं नाव कुठल्या कागदात आहे का?

आता शब्दांची गंमत बघा. बंदराच्या जमिनीवर मोठमोठ्या गोदामांचे, कंपन्यांचे भाडेपट्टे आहेत. त्यांतले कित्येक पट्टे केव्हाच संपले. भाडेवाढीचे वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. पट्टा संपूनही जमीन सोडली नाही, त्यांना काय म्हणतात? 'पट्टेदार'. फार तर 'मुदत संपलेले पट्टेदार'. त्यांच्याशी बैठका होतात, नूतनीकरणाची धोरणं आखली जातात. आणि त्याच गोदामात माल उतरवणारा, दारूखान्यात जहाज तोडणारा, भंगार वेगळं करणारा माणूस गोदामाच्या भिंतीला टेकून झोपडं बांधतो तेव्हा तो 'अतिक्रमक' ठरतो. दोघांकडेही आज चालू कागद नाही. एकाला चर्चा मिळते, दुसऱ्याला बुलडोझर. हा फरक कायद्याचा नाही, वर्गाचा आहे. आणि या देशात वर्गाचं अस्तर उसवलं की आत जात निघते.

पाण्याचंही तेच. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की पाणी हा कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि झोपडी अनधिकृत आहे म्हणून माणसाला पाणी नाकारता येणार नाही. २०२२ साली महापालिकेने 'सर्वांसाठी पाणी' धोरण आणलं. तरी बंदराच्या वस्तीत नळाची चौकशी करायला जावं तर ऐकायला मिळतं, जमीन केंद्राची आहे, ना हरकत दाखला आणा. दाखला मागायला गेलं की, तुम्ही अतिक्रमक, तुम्हाला दाखला कसा देणार? वाचकहो, हे आपल्याला नवं आहे का? १९२३ साली बोले ठराव झाला, १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केलं. कागदावर तळं खुलं होतं, ओंजळीत पाणी नव्हतं. ते ओंजळीत येण्यासाठी १९२७ साली बाबासाहेबांना महाडला जावं लागलं. ठराव आणि ओंजळ यांच्यात जे अंतर असतं, त्याचं आजचं नाव आहे 'ना हरकत'.

आता रस्त्यांकडे वळू. २०१३ साली पूर्व मुक्त मार्ग झाला. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी ते न्हावा शेवा हा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला. शिवडी-वरळी उन्नत मार्गाचं काम चालू आहे, ऑरेंज गेट ते मरीन ड्राइव्ह बोगदा होतो आहे. हजारो कोटींची ही कामं एकमेकांना जोडलेली आहेत आणि सगळ्यांची गाठ या पूर्व किनाऱ्यावर आहे. अटल सेतूवर मोटारसायकलला बंदी, रिक्षाला बंदी, चालत जाण्याचा प्रश्नच नाही. कारला एका बाजूचा टोल २५० रुपये. बसच्या मोजक्या फेऱ्या. शिवडीच्या नाक्यावर उभ्या असलेल्या हमालाच्या डोक्यावरून हा पूल जातो, त्याच्या आयुष्यातून जात नाही.

त्याच्या आयुष्यातून जाते ती हार्बर लाइन. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातली पहिली विजेवरची गाडी बोरीबंदर ते कुर्ला धावली ती याच मार्गावर. डॉकयार्ड रोड, रे रोड, कॉटन ग्रीन, शिवडी, वडाळा ही स्टेशनं बंदराच्या मजुरांनी भरलेली असायची. आज कॉटन ग्रीनला पूर्वेकडे उतरून अंधारात ट्रकांच्या मधून घरी जाणाऱ्या बाईला विचारा, तुला काय हवं? ती समुद्रावरचा पूल मागणार नाही. दिवे मागेल, फूटपाथ मागेल, दर दहा मिनिटांनी बेस्टची बस मागेल. या मागण्यांना पैसा कमी लागतो, म्हणून त्यांचं भूमिपूजन होत नाही.

पुढे काय होऊ शकतं ते बघायला लांब जायला नको, लोअर परळला जा. १९८२च्या संपात अडीच लाख गिरणी कामगार उतरले आणि देशोधडीला लागले. १९९१च्या नियमात गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे होते. एक मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाच्या घरांसाठी, एक मालकाला. २००१ साली नियमात बदल झाला आणि वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही ते मान्य केलं. मैदानं आणि घरं आकसली, मॉल वाढले. गिरणी कामगारांचे वारस अजून घरासाठी मोर्चे काढत आहेत. तिथे जमीन खासगी मालकांची होती, हे कारण तरी होतं. बंदराची जमीन तर जनतेची आहे. ती हातची गेली तर कोणाला दोष द्यायचा?

आणि ज्यांना हलवतील त्यांचं काय होतं तेही याच किनाऱ्यावर थोडं वर गेलं की दिसतं. तानसा जलवाहिनीच्या कडेची कुटुंबं उचलून माहुलला टाकली, तेल शुद्धीकरण कारखान्यांच्या कुशीत. श्वास घेणं मुश्कील झालं. शेवटी २०१९ साली उच्च न्यायालयाला सरकारचे कान उपटावे लागले. पुनर्वसन म्हणजे फक्त छप्पर नव्हे, हे आपल्या लोकांनी स्वतःच्या फुप्फुसांनी सिद्ध केलं.

म्हणून मागण्या स्पष्ट आहेत.

एक, कुठलीही नवी निविदा काढण्याआधी या पट्ट्यात राहणाऱ्या आणि काम करणाऱ्या प्रत्येक माणसाची नोंद करा. भाडेकरूंची, एकट्या बायांची, फुटपाथवर झोपणाऱ्या हमालांचीही. यादी वस्तीत लावा, मराठीत आणि हिंदीत. पात्र-अपात्रचा घोळ नंतर, आधी मोजणी.

दोन, मोजणी चालू असतानाच पाणी आणि संडास द्या. त्यासाठी ना हरकतीची अट नको.

तीन, घर याच पट्ट्यात द्या. काम इथे आणि घर दूर असेल तर बाईची रोजंदारी आधी बुडते.

चार, रोजगार. १९८९ साली खाडीपलीकडे न्हावा शेवा बंदर सुरू झालं, कंटेनर तिकडे गेले आणि इथल्या गोदी कामगारांची गरज संपत आली. बंदराच्या कायम नोकरीत आरक्षण होतं, त्यातून आपल्या कित्येक घरांत पहिला पगार आला, पहिला मुलगा कॉलेजात गेला. आता क्रूझ टर्मिनल आणि मरीना खासगी ठेकेदार चालवतील, त्यांना आरक्षण बंधनकारक नाही. जमीन जनतेची असेल तर करारातच सामाजिक प्रतिनिधित्वाची अट घाला.

पाच, जमीन विकू नका, दीर्घ पट्ट्याच्या नावाखाली कायमची देऊनही टाकू नका. १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये बाबासाहेबांनी मूलभूत उद्योग आणि शेतजमीन राज्याच्या मालकीची करण्याची मागणी संविधानातच लिहून मागितली होती. ते होऊ शकलं नाही. इथे जमीन आधीपासूनच जनतेच्या मालकीची आहे. निदान आहे ते तरी सांभाळा.

शेवटी आपल्या लोकांसाठी दोन शब्द. दादर-परळच्या जयंतीच्या मिरवणुकीत आपण लाखोंनी असतो. हरकती-सूचनांच्या मुदतीत आपले अर्ज किती असतात? आराखडा मागवा, आपली वस्ती त्यात कुठल्या रंगाने दाखवली आहे ते बघा. हिरव्या रंगाने दाखवली असेल तर तिथे बाग येणार आहे, म्हणजे तुम्ही जाणार आहात. माहितीच्या अधिकारात अर्ज करा, वीजबिल, रेशनकार्ड, शाळेचे दाखले जपून ठेवा. शिका आणि संघटित व्हा, याचा अर्थ या घडीला एवढाच आहे.

पुढच्या आठवड्यात आम्ही त्या वस्तीत वह्या घेऊन जाणार आहोत. सरकार मोजत नाही तर आपण मोजू. पहिल्या पानावर, पहिल्या ओळीत, आजीचं नाव असेल.

जय भीम, जय संविधान.