समुपदेशक कोणाचा?

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या एका निकालात देशातील शिक्षणसंस्थांसाठी काही मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. विशाखापट्टणम येथे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणातून हा निकाल आला. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ अथवा समाजकार्यकर्ता नेमावा, हे त्या तत्त्वांपैकी एक होय. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडून घ्यावेत, असेही त्यात म्हटले आहे.

निकाल स्वागतार्ह आहे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु आपल्याकडे आदेशाची अंमलबजावणी म्हणजे पद भरणे, आणि पद भरणे म्हणजे दारावर पाटी लावणे, असा शिरस्ता पडून गेला आहे. पाटी लागते, तपासणी समितीला दाखविण्यापुरती नोंदवही तयार होते आणि विषय संपतो. त्या दाराआड जाणाऱ्या विद्यार्थ्याने काय अपेक्षा धरावी, हा खरा प्रश्न आहे. तो प्रश्न ना संस्था विचारतात, ना पालक. विद्यार्थ्याला तर तो विचारता येतो हेही ठाऊक नसते.

उपदेश नव्हे

घोटाळ्याची सुरुवात शब्दापासूनच होते. ‘समुपदेशन’ या शब्दाच्या पोटात ‘उपदेश’ बसलेला आहे, आणि समुपदेशकाकडे जाणाऱ्याला आपण ‘सल्लार्थी’ म्हणतो. साहजिकच समुपदेशक म्हणजे चार शहाणपणाच्या गोष्टी सांगणारा वडीलधारा, अशी समजूत रूढ झाली. वस्तुतः आपल्या समाजात सल्ला देणाऱ्यांची कधीच वाण नव्हती. आईवडील, थोरले काका, शेजारी, शिक्षक यांचा सल्ला न मागताही मिळतो. ज्याचा स्वतःचा काही हितसंबंध गुंतलेला नाही आणि जो निवाडा करण्याची घाई न करता ऐकून घेतो, असा माणूस मात्र दुर्मीळ असतो.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सल्लार्थीलाच केंद्रस्थानी ठेवणारी उपचारपद्धती मांडली. समोरच्याचे दुःख त्याच्या दृष्टीने समजून घेणे, त्याचा बिनशर्त स्वीकार करणे आणि स्वतः मुखवटा न धारण करणे, या तीन गोष्टींवर त्यांचा भर होता. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास दुसरी वाट चोखाळली. माणसाला घटना तितकी पीडा देत नाही, जितकी त्या घटनेविषयीची त्याची आग्रही धारणा देते, असे त्यांचे प्रतिपादन होते. हा विचार मराठी वाचकांपर्यंत पोहोचविण्याचे मोठे श्रेय कि. मो. फडके यांना जाते. पुढे साठच्या दशकात ॲरन बेक यांनी नैराश्यावरील उपचारात विचारांची तपासणी हेच मुख्य साधन बनविले.

एखादा विद्यार्थी एका विषयात अनुत्तीर्ण होतो आणि ‘मी निकामी आहे’ असे म्हणतो. रॉजर्सच्या वाटेने जाणारा समुपदेशक त्या वाक्यामागची लाज, भीती, घरच्यांची आठवण हे सारे त्याला बोलू देईल. एलिस वा बेक यांच्या वाटेने जाणारा विचारील, की एका उत्तरपत्रिकेवरून संपूर्ण माणसाविषयी अनुमान कसे काढता येईल? पद्धती निराळ्या असल्या, तरी ‘असे मनाला लावून घेऊ नकोस, अभ्यासाला लाग’ असे दोघांपैकी कोणीच म्हणणार नाही. औषध देण्याचा अधिकार समुपदेशकाला नाही. तो मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांचा आहे. मात्र ज्याला औषधाची गरज दिसते त्याला विनाविलंब तिकडे पाठविणे हे चांगल्या समुपदेशकाचे लक्षण आहे.

पहिल्या भेटीचा करार

प्रस्तुत लेखक अर्थशास्त्राचा अध्यापक आहे; मानसशास्त्र हा त्याचा प्रांत नव्हे. परंतु या प्रश्नाची एक बाजू निखळ अर्थशास्त्राची आहे. केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्ये वैद्यकीय सेवेविषयी, आणि जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन, विक्रेत्याला माहीत असलेले ग्राहकाला माहीत नसते तेव्हा काय घडते याचे विवेचन केले. अशा बाजारात खऱ्याखोट्याची पारख होत नाही, आणि हलका माल चांगल्या मालाला हुसकावून लावतो. मनाच्या उपचारात ही विषमता पराकोटीला जाते. कारण येथे ग्राहक आधीच खचलेला असतो, आणि उपचार फसला तर दोष स्वतःचाच आहे असे मानण्याकडे त्याचा कल असतो.

यावर उपाय एकच, तो म्हणजे पहिल्याच भेटीत स्पष्ट करार. समुपदेशकाचे शिक्षण काय, तो कोणत्या पद्धतीने काम करतो, बैठक किती वेळाची (सामान्यतः ती ४५ ते ५० मिनिटांची असते), शुल्क किती, साधारण किती बैठका लागतील आणि सुधारणा होते आहे की नाही हे केव्हा तपासले जाईल, हे सांगितले गेले पाहिजे. काय होणार नाही, हेही सांगितले पाहिजे. एका बैठकीत दुःख नाहीसे होणार नाही. दडपलेले बोलून झाल्यावर प्रारंभी मन अधिक जड होण्याचाही संभव असतो. हे आधी ठाऊक नसलेला सल्लार्थी दुसऱ्या भेटीनंतर परत येत नाही, आणि ‘याचा काही उपयोग नाही’ हा निष्कर्ष घेऊन आयुष्यभर वावरतो.

पगार कोणाचा, निष्ठा कोणाशी?

महाविद्यालयातील समुपदेशकाच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. त्याला पगार संस्था देते, शुल्क पालक भरतात, आणि सेवा घेतो विद्यार्थी. मग तो कोणाचा? प्राचार्यांनी बोलावून ‘तो मुलगा काय म्हणाला?’ असे विचारले, तर त्याने काय उत्तर द्यावे?

कायद्याची दिशा स्पष्ट आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ ने मनोरुग्णाचा गोपनीयतेचा हक्क मान्य केला आहे. त्याला अपवाद आहेत. जीविताला धोका असेल तेव्हा मौन पाळता येत नाही. अल्पवयीनावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळल्यास, २०१२ च्या कायद्यानुसार ते कळविणे बंधनकारक आहे. हे अपवादही सल्लार्थीला आरंभीच सांगायला हवेत. याखेरीज संस्थेला किती विद्यार्थी आले याची संख्या कळावी. नावे कळता कामा नयेत.

पालकांचा काही हक्क नाही काय, असा आक्षेप येईल. तो समजण्याजोगा आहे. परंतु बोललेला प्रत्येक शब्द घरी पोहोचणार असेल, तर मूल बोलणारच नाही आणि मग कोणालाच काही कळणार नाही. गोपनीयता पाळली तरच संकटाची चाहूल वेळेवर लागते. आणि संकट खरे असेल तेव्हा पालकांना सांगण्याचा मार्ग मोकळा असतोच.

यातूनच दुसरी गोष्ट निघते. ज्या अध्यापकाच्या हाती अंतर्गत गुण आहेत त्याच्याकडे समुपदेशनाचे काम सोपवू नये. कार्यभार कमी पडला म्हणून एखाद्या शिक्षकाच्या गळ्यात हे काम घालणे म्हणजे न्यायाधीशालाच वकील नेमणे होय. परीक्षकापुढे कोणीही मन उघडे करीत नाही.

माणसे कोठून आणायची?

इतके प्रशिक्षित लोक आहेत कोठे, हा प्रश्न व्यावहारिक आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या मनोविकाराने ग्रस्त होते, आणि निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून वंचित होते. ही दरी केवळ पदवीधर तज्ज्ञांच्या बळावर भरून निघणारी नाही.

या संदर्भात गोव्यातील प्रयोग उद्बोधक आहे. ‘संगाथ’ या संस्थेच्या पुढाकाराने तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या रुग्णांवर सामान्य, पण प्रशिक्षित समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकांचा उपचार केला. ‘लॅन्सेट’मध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनंतर या गटातील ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते, केवळ नेहमीची सेवा मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते. मात्र यावरून ‘कोणीही चालेल’ असा अर्थ काढणे घातक ठरेल. त्या समुपदेशकांना ठरावीक पद्धत होती, बैठकांची संख्या निश्चित होती, आणि त्यांच्या कामावर सतत देखरेख होती. पदवीची उणीव तेथे शिस्तीने भरून काढली.

आपल्याकडे नेमकी ही शिस्त दुर्मीळ आहे. चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी १९९२ च्या पुनर्वास परिषद कायद्याखाली होते. ‘समुपदेशक’ अशी पाटी लावण्यास मात्र दीर्घकाळ कोणतीच अट नव्हती. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्याने अशा अनेक व्यवसायांना नोंदणीच्या कक्षेत आणण्याची तरतूद केली. ही तरतूद कागदावरून व्यवहारात आणण्याची जबाबदारी केंद्राइतकीच राज्याचीही आहे.

तोपर्यंत संस्थांना करता येण्याजोगे पुष्कळ आहे, आणि त्याला फारसा खर्चही नाही. समुपदेशकाच्या दारावर नावाच्या पाटीसोबत मराठीत एक फलक लावावा. त्यावर त्याची पात्रता, भेटीची वेळ, गोपनीयतेचे अभिवचन व तिचे अपवाद, आणि तक्रार कोणाकडे करायची याची माहिती असावी. तो रजेवर असेल तेव्हासाठी २०२२ साली सुरू झालेल्या ‘टेली मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांकही तेथे असावा. समुपदेशकाच्या कामाचा आढावा बाहेरच्या अनुभवी तज्ज्ञाने ठरावीक काळाने घ्यावा, प्राचार्यांनी नव्हे. विद्यापीठांनी संलग्नतेच्या अटींत या गोष्टींचा समावेश केला, तर न्यायालयाच्या आदेशाला काही अर्थ राहील. एरवी पदे भरली जातील, अहवाल सादर होतील, आणि ज्याच्यासाठी हे सारे केले तो विद्यार्थी त्या दारावरून मुकाट्याने पुढे निघून जाईल.