गरीबांचे दांत आणि सरकारची काटकसर

जनावरांच्या बाजारांत बैल घ्यावयास गेलेला शेतकरी आधीं त्याचा जबडा उघडून पाहतो. बैल दोन दाती आहे कीं चार दाती, दांत जुळले आहेत कीं झिजले आहेत, हें पाहिल्याखेरीज तो पैशाच्या पिशवीला हात घालीत नाहीं. ज्याला चावतां येत नाहीं त्याच्या अंगीं वैरण लागत नाहीं, आणि ज्याच्या अंगीं वैरण लागत नाहीं तो नांगर ओढीत नाहीं, हें त्याला कोणी शाळेंत शिकवावें लागत नाहीं. परंतु हीच साधी गोष्ट अमेरिकेसारख्या श्रीमंत देशांतील अंदाजपत्रक करणारांस पुन्हा पुन्हा शिकवावी लागते, हें मोठें आश्चर्य होय.

त्या देशांत गरीबांच्या औषधपाण्यासाठीं १९६५ सालीं मेडिकेड नांवाची योजना कायद्यानें सुरू झाली. तिचा खर्च मध्यवर्ती सरकार व राज्यसरकारें मिळून सोसतात. कॅलिफोर्निया राज्यांत तिला मेडि-कॅल म्हणतात. ह्या योजनेंत एकवीस वर्षांखालील मुलांच्या दांतांवर उपचार करणें राज्यांवर बंधनकारक आहे. मात्र मोठ्या माणसांच्या दांतांचा खर्च ‘ऐच्छिक’ धरला आहे. म्हणजे राज्याच्या मनांत असेल तर त्यानें तो द्यावा, नसेल तर देऊं नये. आम्ही विचारतों, ऐच्छिक कोणाला? ज्याची दाढ रात्रभर ठणकते त्या मजुराला त्याची इच्छा विचारून का दुखणें येतें? हात, पाय, डोळे, पोट हें सारें शरीर आणि दांत मात्र शरीराबाहेरची वस्तु, असा भेद निसर्गानें केलेला नाहीं. तो कागदावर केलेला आहे. आणि कागदावर जें ऐच्छिक म्हणून लिहिलें जातें, त्याच्यावरच टंचाईच्या वर्षीं पहिली कुऱ्हाड पडते.

तशी ती पडलीही. २००८ सालच्या मोठ्या मंदीनें कॅलिफोर्नियाची तिजोरी आटली, तेव्हां १ जुलै २००९ पासून तेथील सुमारें तीस लाख प्रौढ गरीबांचे बहुतेक दंतोपचार बंद करण्यांत आले. दांत उपटणें व तातडीची वेदना शमविणें एवढेंच काय तें मुख्यतः उरलें. मे २०१४ मध्यें कांहीं उपचार परत मिळाले, पूर्ण कवळीही मिळूं लागली. परंतु मागच्या दाढांच्या मुळांचे उपचार, हिरड्यांचे उपचार आणि अर्धी कवळी ह्यांसाठीं लोकांस जानेवारी २०१८ पर्यंत थांबावें लागलें. अंदाजपत्रक साडेआठ वर्षें थांबूं शकतें. किडलेला दांत थांबत नाहीं. आज एका बैठकींत बुजवितां येणारें छिद्र उद्यां नसेपर्यंत जातें, परवां गळूं होतें, आणि शेवटीं चिमटा लावून दांत उपटण्याखेरीज दुसरा मार्ग उरत नाहीं. सरकारनें परत दिलेली सवलत उपटलेला दांत परत देत नाहीं.

आतां काटकसरीचा हिशेब पाहूं. दंतवैद्याचें दार बंद झाल्यावर लोक मोठ्या इस्पितळांच्या तातडीच्या विभागांत जाऊं लागले. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असें दिसून आलें कीं, ह्या कपातीमुळें कॅलिफोर्नियांत दांतांसाठीं तातडीच्या विभागांत होणाऱ्या खेपा दरसाल अठराशेंहून अधिक वाढल्या, आणि अशा खेपांचा वार्षिक खर्च शेंकडा ६८ नें वाढला. तेथें मिळतें काय? वेदना मारण्याच्या गोळ्या व पू जिरविण्याचें औषध. दांत किडका तो किडकाच राहतो आणि रोगी आठ-पंधरा दिवसांनीं पुन्हा त्याच दारांत उभा राहतो. सरकारच्या वहींत पैसा मुळींच वांचला नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. कांहीं वांचला असेलही. परंतु त्यांतील कांहीं भार इस्पितळावर पडला, कांहीं मजुराच्या बुडालेल्या रोजावर पडला, आणि उरलेला त्यानें आपल्या जबड्यानें सोसला. दुसऱ्याच्या अंगावर टाकलेल्या ओझ्याला काटकसर म्हणणें हा हिशेब नव्हे.

ह्या हिशेबाची परमावधि मेरीलँड राज्यांत २००७ सालीं दिसली. बारा वर्षांचा एक गरीब मुलगा किडलेल्या दाढेचें विष मेंदूंत गेल्यानें मेला. ती दाढ वेळीं उपटावयास सुमारें ऐंशी डॉलर पुरले असते. पुढें त्याच्या मेंदूवरील दोन शस्त्रक्रिया व इस्पितळांतील मुक्काम ह्यांवर अडीच लाख डॉलरच्या आसपास खर्च झाला, आणि तरीही पोर वांचलें नाहीं. तो मुलगा होता. म्हणजे कायद्यानें त्याचा हक्क होता. परंतु घर सुटलेल्या त्या कुटुंबाची योजनेंतील नोंद तुटली होती, आणि सरकारी दर तुटपुंजा म्हणून अशा रोग्यांस हात लावणारे दंतवैद्यही थोडे होते. ह्यावरून उघड होतें कीं, नुसता कागदी हक्क पुरत नाहीं. त्यामागें पैसाही लागतो. त्या मृत्यूनंतर मेरीलँडनें दंतवैद्यांचे दर वाढविले, सरकारी दवाखाने काढले, आणि २०२३ पासून प्रौढ गरीबांसही दंतोपचार देऊं केले. शहाणपण आलें, पण केवढी किंमत देऊन!

कोणी म्हणेल, थोडी कपात केली तर काय बिघडतें? त्याला इंग्लंडचें उदाहरण पुरे आहे. जुलै १९४८ मध्यें तेथें साऱ्या प्रजेस दांतांसह सर्व उपचार मोफत झाले. १९५१ सालीं युद्धसामग्रीचा खर्च वाढला म्हणून कवळ्या व चष्मे ह्यांवर आकार बसविण्यांत आला. ती योजना उभारणारे, स्वतः लहानपणीं कोळशाच्या खाणींत राबलेले मंत्री अन्यूरिन बेव्हन ह्यांनीं ह्या गोष्टीवरून राजीनामा दिला. लोक म्हणाले, एवढ्याशा रकमेसाठीं एवढा हट्ट कशाला? परंतु पुढच्याच वर्षीं, १९५२ मध्यें, साध्या दंतोपचारावरही आकार आला. बांधाला पडलेलें खिंडार लहान असतांनाच बुजवावें लागतें, हें बेव्हन जाणत होते.

आज तें खिंडार पुन्हा पडत आहे. ४ जुलै २०२५ रोजीं अमेरिकेंत झालेल्या कायद्यानें मेडिकेडवरील मध्यवर्ती खर्च दहा वर्षांत सुमारें ९०० अब्ज डॉलरनें घटेल असा सरकारी अंदाज आहे. राज्यांच्या वांट्याला एवढी तूट आली म्हणजे तीं प्रथम ऐच्छिक बाबींकडेच पाहणार. कॅलिफोर्नियानें तर २०२५ च्या अंदाजपत्रकांतच १ जुलै २०२६ पासून कायम वास्तव्याचे कागद नसलेल्या प्रौढांचे दंतोपचार काढून घेण्याचें ठरविलें. ह्यांतले पुष्कळजण त्या राज्याचीं द्राक्षें व भाज्या तोडणारे शेतमजूर आहेत. ज्यांच्या हातानें देशाच्या ताटांत अन्न पडतें, त्यांनीं तें चावूं नये, हा कोणता न्याय?

आमचें मत स्पष्ट आहे. प्रौढांचे दंतोपचार कायद्यांत ऐच्छिक न ठेवतां बंधनकारक करावे. दंतवैद्याला परवडेल असा दर द्यावा. आणि तूट भरून काढावयाची तर ज्यांच्याजवळ देण्यासारखें आहे त्यांच्यापासून आरंभ करावा.

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, ही परक्या देशाची गोष्ट म्हणून सोडून देऊं नका. आपल्याकडे २०१८ सालीं सुरू झालेली आयुष्मान भारत विमा योजना मुख्यतः इस्पितळांत दाखल होणाऱ्या रोग्यासाठीं आहे. किडलेली दाढ बुजविण्याचें साधें काम तींत बसत नाहीं. म्हणून मत मागावयास येणारास रस्ता आणि पाणी विचारतां, तसें दांतांचेंही विचारा. बैलाचे दांत पाहून सौदा करणारानें आपल्या व आपल्या लेंकरांच्या दांतांचा सौदा दुसऱ्यावर सोपवूं नये.