आधी पाणी, मग भुंगेरा

अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यातील सॉल्ट नदी फिनिक्स शहराच्या मधोमध वाहते, असे नकाशा सांगतो. प्रत्यक्षात १९११ मध्ये वरच्या अंगाला रूझवेल्ट धरण पूर्ण झाले, ग्रॅनाइट रीफ बंधाऱ्यावरून पाणी कालव्यांत वळले आणि शहरातील पात्र एरवी कोरडे राहू लागले. पुढे त्यातून वाळू व खडी उपसली गेली, खड्ड्यांत कचरा भरला गेला. पूर मात्र आपली वाट विसरला नाही. फेब्रुवारी १९८० मध्ये शहराचे दोन भाग जोडणाऱ्या पुलांपैकी जेमतेम दोन वाहतुकीस खुले राहिले.

अशा पात्राचे पुनरुज्जीवन करताना तीन उद्दिष्टे नेहमी एकत्र मांडली जातात: वन्यजीवांचा अधिवास, पूरनियंत्रण आणि नागरिकांचा विरंगुळा. तिन्हींचे स्वरूप सारखे नाही. विरंगुळा लवकर दिसतो. शेजारच्या टेंपी शहराने रबरी बंधारे फुगवून १९९९ मध्ये पात्रातच तलाव भरला. २० जुलै २०१० रोजी त्यातील एक रबरी फुगा फुटला आणि तलाव रिता झाला. पूरनियंत्रण पुढचा पूर आल्यावर कळते. अधिवास मात्र सर्वांत उशिरा सिद्ध होतो, आणि घाईची किंमत त्यालाच मोजावी लागते. अमेरिकी नैऋत्येतील झाऊच्या झुडपांची कथा याच घाईची आहे.

झाऊ, म्हणजे टॅमरिक्स, ही वनस्पती आशियातून शोभेसाठी व धूप रोखण्यासाठी एकोणिसाव्या शतकात तिकडे नेली गेली. धरणांनी नद्यांची लय मोडल्यावर ती काठोकाठ पसरली. ती अफाट पाणी पिते, या समजुतीने तिच्यावर मोहीम उघडण्यात आली. तिचा पाणीवापर स्थानिक वृक्षांहून फार वेगळा नसल्याचे मोजमापांतून पुढे आले, तोवर मोहिमेने गती घेतली होती. चीन आणि कझाकस्तानातून आणलेला डायोऱ्हॅब्डा हा पर्णभक्षी भुंगेरा २००१ पासून मोकळ्यावर सोडण्यात आला. कीटकशास्त्राच्या कसोटीवर निवड चांगली होती. भुंगेरा जवळजवळ केवळ झाऊच खातो. अळ्या आणि प्रौढ मिळून अख्खी झाडी तपकिरी करून टाकतात.

चूक निघाली ती दिवसाच्या लांबीच्या हिशेबात. दिवस ठरावीक मर्यादेपेक्षा लहान झाला की हा कीटक सुप्तावस्थेत जातो. दक्षिणेत उन्हाळ्यातील दिवस तुलनेने लहान, म्हणून तेथे तो हंगामाच्या मध्येच सुप्त होईल, हिवाळ्यापूर्वीच त्याचा साठा संपेल आणि साधारण ३८ अक्षांशाच्या खाली तो टिकणार नाही, असा अंदाज होता. निवडीच्या दाबाखाली काही वर्षांतच ती मर्यादा सरकली आणि भुंगेरा दक्षिणेकडे उतरला. तेथे नैऋत्येकडील विलो माशीमार हा चिमणीएवढा पक्षी झाऊमध्ये घरटी करीत होता. १९९५ पासून तो संकटग्रस्त यादीत आहे. विलो, म्हणजे आपल्याकडील वाळुंजाची जातभाई, नाहीशी झाल्यामुळे त्याने परक्या झुडपाचा आसरा घेतला होता. ऐन विणीच्या हंगामात पाने झडली की घरट्यावरची सावली जाते आणि पिले उन्हाला व शिकाऱ्यांना उघडी पडतात. प्रकरण न्यायालयात गेले आणि २०१० मध्ये अमेरिकी कृषी खात्याने आपला कार्यक्रम थांबवला. भुंगेरा अर्थातच थांबला नाही.

येथे दोष कीटकावर टाकणे सोपे आहे, पण तो चुकीचा ठरेल. झाऊ गेल्यावर वाळुंज आपोआप येईल हे गृहीतक फसले. कॉटनवूड आणि विलो यांचे बी वसंतातील पूर ओसरताना पडते, काही आठवडेच जिवंत राहते आणि त्याला ओला, उघडा गाळ लागतो. रुजल्यावरही भूजल दिवसाला सुमारे अडीच सेंटिमीटरपेक्षा वेगाने खाली गेले तर रोपाची मुळे मागे पडतात. झाऊ मात्र वसंतापासून शरदापर्यंत बी सोडत राहते, म्हणून धरणातून केव्हाही पाणी सुटले तरी तिची संधी चुकत नाही. पुराची वेळ न बदलता झुडूप मारणे म्हणजे रोगाऐवजी लक्षणावर औषध देणे होय.

फिनिक्सने २००५ मध्ये खुल्या केलेल्या ५९५ एकरांच्या रिओ सालाडो क्षेत्रात हा धडा निम्मा तरी गिरवला गेला. पात्राच्या तळाशी नेहमीच्या विसर्गासाठी नाळ ठेवली, तिच्या बाजूंना कॉटनवूड, विलो आणि मेस्कीट लावले आणि विहिरींचे उथळ भूजल उपसून ते जगवले. टीकाकार म्हणतात, ही नदी नव्हे, नळावरची बाग आहे. आक्षेपात तथ्य आहे. तरीही झाडे उभी आहेत आणि पक्षी परतले आहेत. शहराच्या पश्चिमेस ट्रेस रिओस येथे प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यावर पाणथळ उभी राहिली आणि लगतच्या वस्तीला पुरापासून बांध मिळाला; तीनही उद्दिष्टे एकत्र साधण्याचा हा अधिक टिकाऊ मार्ग दिसतो. (दाट पाणकणसात डास होतात, हे आराखड्यातच लिहावे; उद्घाटनानंतर आठवून उपयोग नसतो.)

भारतातील वाचकाला या कथेत एक विलक्षण उलटापालट दिसेल. झाऊ आपल्या नद्यांच्या काठची. आणि फिनिक्समध्ये प्रेमाने लावले जाणारे मेस्कीट म्हणजे आपल्या वेड्या बाभळीचे जवळचे नातलग. राजस्थानातील लुणी नदी अरवलीत उगम पावते, कच्छच्या रणात विरते, पाली व बालोतरा येथील रंगाई उद्योगांचे सांडपाणी अंगावर घेते आणि १९७९ सारखा महापूरही आणते. तिच्या काठावर वेडी बाभूळ माजली आहे. ती कीटकाकरवी आटोक्यात आणावी, ही कल्पना आकर्षक आहे. गाजर गवतावरील मेक्सिकन भुंगेरा आपल्याकडे १९८० च्या दशकातच आला असल्याने ती अपरिचितही नाही.

परंतु वेडी बाभूळ गरिबाचे सरपण आहे आणि तिच्या शेंगा शेळ्या खातात. दक्षिण आफ्रिकेने म्हणूनच १९८७ मध्ये केवळ बी खाणारा भुंगेरा निवडला. झाड राहावे, पसारा रोखावा, हा हेतू. तेथे जनावरे शेंगा आधीच फस्त करतात आणि भुंगेऱ्याच्या वाट्याला थोडेच बी उरते, ही अडचण आपल्याकडेही येणारच. त्याहून गंभीर प्रश्न खेजडीचा, म्हणजे शमीचा आहे. राजस्थानचा हा राज्यवृक्ष आणि वेडी बाभूळ यांची गणना अलीकडेपर्यंत एकाच प्रजातीत होत असे. सांगरी देणाऱ्या या झाडावर परक्या कीटकाची वक्रदृष्टी पडली, तर मरुभूमीतील शेतकऱ्याला भरपाई कोण देणार?

म्हणून लुणीसारख्या नदीसाठी येणाऱ्या प्रस्तावात पहिला तक्ता पाण्याचा असावा: किती, कोणत्या महिन्यात, किती शुद्ध आणि कोणाच्या वाट्यातून. दुसरा तक्ता रोपवाटिकेचा. झुडूपतोड टप्प्याटप्प्याने व्हावी आणि पर्यायी झाडी घरट्यांच्या उंचीला आल्याशिवाय पुढचा पट्टा साफ करू नये. कीटकाची पाळी त्यानंतर यावी, आणि त्याच्या विलगीकरण कक्षातील चाचणीत पहिले रोप खेजडीचे ठेवावे.