पंधराव्या वर्षी रिटायर?

स्केट्स घातलेली एक मुलगी गाणं म्हणत उडी मारते. हवेत तिच्या पाठीवर पंख फुटतात, मागे चांदण्यांचा सडा पडतो, खाली प्रेक्षक वेडे होतात. असं काही स्क्रीनवर दिसलं तर ती मुलगी बहुधा ‘प्रिटी रिदम’मधली आहे. ‘प्रिटी रिदम: ऑरोरा ड्रीम’ ही अ‍ॅनिमे मालिका एप्रिल २०११ मध्ये जपानच्या टीव्ही टोकियोवर सुरू झाली आणि ५१ भाग चालली. तिच्यामागून ‘डिअर माय फ्यूचर’ आणि ‘रेनबो लाइव्ह’ आल्या. शाळकरी वयाच्या मुली, गाणं, नाच, फॅशन आणि फिगर स्केटिंग, सगळं एकाच रिंकवर. या कार्यक्रमाला तिथे ‘प्रिझम शो’ म्हणतात. कपडे हृदयाच्या आकाराच्या खड्यांमध्ये मावतात. लॉजिक शोधायला जाऊ नका.

ही मालिका मुळात एका आर्केड गेमची जाहिरात आहे, हेही सांगून टाकू. मॉलमधल्या मशीनमध्ये नाणं टाकायचं, खडा मिळवायचा, आपल्या बाहुलीला नटवायचं आणि नाचवायचं. मालिका बघून लहान मुलींनी आईकडे सुट्टे पैसे मागावेत, एवढाच धंद्याचा हिशेब. तरीही तिचे चाहते आज विशी-तिशीतले आहेत. २०१६ मध्ये ‘रेनबो लाइव्ह’मधल्या मुलांवर ‘किंग ऑफ प्रिझम’ हा सिनेमा आला, तेव्हा थिएटरात लाइट स्टिक घेऊन, पडद्याशी ओरडून बोलत सिनेमा बघायचे खास शो जपानमध्ये लागले होते. आपल्याकडे रजनीकांतच्या पहिल्या शोला काय होतं, ते आठवा.

आता प्रश्न असा, की खराडीत राहणाऱ्या, सेमिस्टरच्या सबमिशननं मेटाकुटीला आलेल्या पोरापोरींनी या गुलाबी चकचकाटाकडे का बघावं? अ‍ॅनिमे बघणं आता पुण्यात नवं राहिलेलं नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘डीमन स्लेयर: इन्फिनिटी कॅसल’ लागला तेव्हा देशभर पहाटेचे शो लावावे लागले. जपानी भाषा तर या शहरात अ‍ॅनिमेच्या कितीतरी आधीपासून शिकवली जाते. जेएलपीटीच्या परीक्षेला बसलेला एक तरी मित्र प्रत्येकाला असतोच. पण ‘प्रिटी रिदम’ची गोष्ट वेगळ्या कारणासाठी काढली आहे. ते कारण मालिकेत कमी आणि आपल्या सोसायट्यांच्या पोडियमवर जास्त आहे.

संध्याकाळी सहा-साडेसहाला खराडीतल्या कुठल्याही मोठ्या सोसायटीत डोकावा. क्लब हाऊसशेजारी नाहीतर पार्किंगच्या मोकळ्या पट्ट्यात प्लास्टिकचे कोन लावलेले असतात. हेल्मेट, गुडघ्याला पॅड, पायात चाकं. पाच वर्षांचे, आठ वर्षांचे, फार तर बारा वर्षांचे. कडेला आजी-आजोबा, पाण्याच्या बाटल्या, ‘अरे सावकाश’चा गजर. या घोळक्यात सोळा वर्षांचं कोणी शोधून दाखवा. एकोणीस वर्षांचं तर सोडाच. नववी संपली की स्केट्स माळ्यावर जातात आणि दहावीनंतर धाकट्या भावंडाला, नाहीतर ओएलएक्सवर. चाकं झिजण्याआधी मूल रिटायर होतं.

हे फक्त स्केटिंगचं नाही. कथकच्या मधल्या परीक्षा दिलेली, तबल्यावर बरा हात बसलेली, जिल्हास्तरावर पोहलेली अशी किती मंडळी तुमच्या वर्गात आहेत, विचारून बघा. वाक्यं तीच येतील. ‘करायचे मी, लहानपणी.’ वय वर्षं अठरा आणि लहानपणीच्या गोष्टी! दहावी हे आपल्याकडे सार्वजनिक निवृत्तीचं वय झालं आहे. खेळाला तर त्यात आणखी एक गंमत जोडलेली आहे. राज्यात खेळाडू विद्यार्थ्यांना दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात. योजना चांगली आहे, तिच्यामुळे अनेक घरांनी पोरांना मैदानावर टिकू दिलं. पण बऱ्याच घरांत तिचा अर्थ उलटा लागला. खेळ गुणांसाठी होता, गुण मिळाले, खेळ संपला.

‘प्रिटी रिदम’ इथे कामाला येते. या मालिकेत खास उडी, म्हणजे ‘प्रिझम जंप’, सराव केला की येतेच असं नाही. मनात काही उमटलं तरच ती येते, आणि मन खोटं झालं की नेमकी अडते. ‘रेनबो लाइव्ह’मधली बेल रेनजोजी ही मुलगी बघा. सगळ्यात हुशार, सगळ्यात देखणी, सगळ्यात कडक. कारण तिच्या आईला पहिल्या नंबराखाली काही चालतच नाही. बेल जिंकते आणि आतून रिकामी होत जाते. मुलींच्या खेळण्यांची जाहिरात करणाऱ्या मालिकेत हे पात्र असणं हीच मोठी गोष्ट. ‘दोन मार्क कुठे गेले?’ हा प्रश्न ऐकून वाढलेल्या प्रत्येकाला बेल ओळखीची वाटेल, सबटायटल नसली तरी.

बेलची अडचण काल्पनिक नाही. फेब्रुवारी २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये रशियाची कमिला वालियेवा पंधरा वर्षांची होती. डोपिंगच्या प्रकरणात ती सापडली, तरी बर्फावर उतरली, पडली, पुन्हा पडली आणि चौथी आली. ते सगळं जगानं लाइव्ह पाहिलं. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेनं सीनियर गटाचं किमान वय पंधरावरून टप्प्याटप्प्यानं सतरा करायचं ठरवलं. गाणाऱ्या-नाचणाऱ्या आयडॉलच्या जगातलंही एक उदाहरण आहे. ‘एकेबी ४८’ या गटातली मिनामी मिनेगिशी २०१३ मध्ये डोक्याचं मुंडण करून कॅमेऱ्यासमोर रडत माफी मागत होती. गुन्हा काय, तर एका मुलासोबत रात्र घालवल्याची बातमी छापून आली. तेव्हा ती वीस वर्षांची होती. पंख फुटणाऱ्या उड्यांच्या मागची ही जमीन आहे, आणि मालिकेवर प्रेम करताना ती डोळ्याआड करायचं कारण नाही.

आपलं अंगण तरी कुठे वेगळं आहे? २००८-०९ मध्ये झी मराठीच्या ‘सा रे ग म प लिटिल चॅम्प्स’नं अख्ख्या महाराष्ट्राला घरी बसवलं होतं. कार्तिकी गायकवाड, आर्या आंबेकर, मुग्धा वैशंपायन, प्रथमेश लघाटे, रोहित राऊत. ही पाच नावं तुमच्या आईबाबांना अजून एका दमात सांगता येतात. पाचही जण पुढे गात राहिले आणि २०२१ च्या पर्वात परीक्षकांच्या खुर्चीत बसले, हा चांगला शेवट. पण पाचांच्या आधी बाद झालेल्यांपैकी एक नाव आठवतं का? त्यांच्यातले कितीजण आज केवळ मजा येते म्हणून गातात, हा प्रश्न आपण कधी विचारलाच नाही. आपल्याला चॅम्पियन हवा असतो, नाहीतर प्रेक्षक. मधल्या माणसासाठी आपल्याकडे खुर्ची नाही, रिंक तर नाहीच.

मधला माणूस म्हणजे कोण? ज्याला ऑलिंपिकला जायचं नाही, पण आठवड्यातून तीन दिवस घाम गाळायचा आहे. जिला रील करायची नाही (किंवा करायची आहे, त्यातही पाप नाही), पण एक उडी नीट जमेपर्यंत घरी जायचं नाही. म्हणजे आपण. आमचा मुद्दा एवढाच आहे, की अठरा-वीस हे सोडून दिलेलं पुन्हा धरायचं वय आहे, आणि त्यासाठी जागा मागण्यात लाजण्यासारखं काही नाही.

‘पण आता उशीर झाला’ हे उत्तर तयार असतं. २०२५ मध्ये आलेल्या ‘मेडलिस्ट’ या अ‍ॅनिमेची सगळी गोष्ट याच वाक्यावर उभी आहे. इनोरी नावाची पाचवीतली, अकरा वर्षांची मुलगी फिगर स्केटिंग शिकायला येते आणि घरचेच म्हणतात, उशीर झाला, बाकीच्या पाचव्या वर्षापासून शिकतायत. तिला जो कोच मिळतो तो स्वतःच उशिरा सुरुवात केल्यानं मागे राहिलेला. बघितली नसेल तर बघा. यातल्या स्केटिंगची कोरिओग्राफी अकिको सुझुकी या खऱ्या ऑलिंपियननं केली आहे आणि ते दिसतं.

खऱ्या जगातलं उदाहरण त्याहून भारी आहे. अमेरिकेची अलिसा लियू २०२२ मध्ये, सोळाव्या वर्षी, ‘बास’ म्हणून स्केटिंगमधून निवृत्त झाली. कॉलेजात गेली, मित्रमैत्रिणींत रमली. दोन वर्षांनी परतली ती स्वतःच्या अटींवर, स्वतःला आवडेल तसं स्केट करायला. मार्च २०२५ मध्ये बॉस्टनला ती जागतिक विजेती झाली, तेव्हा एकोणीस वर्षांची होती. २००६ नंतर एकाही अमेरिकन मुलीला हे जमलं नव्हतं.

‘ते बर्फावरचं, इथे कुठे बर्फ?’ खरं आहे. फिगर स्केटिंगचा बर्फ शून्याखाली तीन-चार अंशांवर ठेवावा लागतो आणि एप्रिलमध्ये आपल्या नगर रोडवर डांबर वितळायला येतं. (आयटी पार्कमधली ऑफिसं ज्या थंडीत ठेवतात ती बघता, एखादा मजला रिंकला द्यायला हरकत नव्हती. असो.) देशातही बर्फाची रिंक हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. शिमल्याची जुनी उघडी रिंक हिवाळा असेपर्यंतच चालते. डेहराडूनची रिंक २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धेसाठी बांधली आणि मग वर्षानुवर्षं बंद राहिली. भारताकडून खेळणारी फिगर स्केटर तारा प्रसाद वाढली आणि शिकली अमेरिकेत. ती २०२५ च्या हार्बिनच्या आशियाई हिवाळी स्पर्धेत आठवी आली.

पण बर्फ नसला तर चाकं आहेत, आणि तो दुय्यम पर्याय नाही. रोलर स्केटिंगमध्ये ‘आर्टिस्टिक’ नावाचा पूर्ण प्रकार आहे. संगीत, पोशाख, गिरक्या सगळं तेच. अ‍ॅक्सल, साल्को, लुट्झ या उड्यांची नावंसुद्धा तीच. फरक एवढाच, की पात्याऐवजी चार चाकांचा जड बूट घेऊन उडायचं आणि पुढच्या टोकाला रबरी स्टॉपर. भारताला आशियाई क्रीडा स्पर्धेत रोलर स्केटिंगची पहिली पदकं याच प्रकारात मिळाली आहेत. २०१० मध्ये ग्वांगझूला अनुपकुमार यामाला एकेरीत ब्राँझ, आणि अवनी पांचालसोबत जोडीत ब्राँझ. ‘प्रिटी रिदम’च्या सगळ्यात जवळ जाणारी भारतीय गोष्ट हीच. हैदराबादच्या यामाला पुढे अर्जुन पुरस्कार मिळाला. आपल्यातल्या कितीजणांनी हे नाव ऐकलंय?

वेगाच्या स्केटिंगमध्ये तर वारं आणखी बदललंय. २ ऑक्टोबर २०२३ ला हांगझूच्या आशियाई स्पर्धेत पुरुषांच्या आणि महिलांच्या ३००० मीटर रिलेत भारताला एकेक ब्राँझ मिळालं. पुरुषांच्या चौघांत आर्यनपाल सिंग घुमन आणि आनंदकुमार वेलकुमार यांच्यासोबत सिद्धांत कांबळे आणि विक्रम इंगळे होते. आनंदकुमार तर सप्टेंबर २०२५ मध्ये चीनमध्ये १००० मीटरचा जागतिक विजेता झाला. वय बावीस. आपल्या हिशेबानं निवृत्तीनंतर सात वर्षांनी.

म्हणून मागण्या साध्या आहेत आणि त्या तीन ठिकाणी करायच्या आहेत. पहिली सोसायटीच्या कमिटीकडे. साडेआठनंतर पोडियम रिकामाच असतो. तो तासभर सोळाच्या पुढच्यांना द्या. ‘टाइल्स खराब होतात’ हे उत्तर येईल. चाकांनी टाइल्स खराब होत असतील, तर त्या आठ वर्षांच्या पोरांच्या चाकांनीही होतात. दुसरी महापालिकेकडे. खराडी पुणे महापालिकेत आली १९९७ साली. तेव्हापासून इथे टॉवर किती उभे राहिले ते मोजायला नको. जिथे जिथे नवं उद्यान किंवा क्रीडासंकुल आखलं जातंय, तिथे एक गुळगुळीत, कडेला कठडा असलेला, रात्री दिवे असलेला सपाट चौक मागायला हवा. त्याला छप्परही नको, फक्त त्यावर कोणाची गाडी पार्क होता कामा नये. आणि प्रौढांचा वेळ राखीव हवा, नाहीतर बॅचवाले तो पहिल्याच महिन्यात भरून टाकतील.

तिसरी मागणी कॉलेजकडे, आणि खरं तर आपल्याच गॅदरिंग कमिटीकडे. दर वर्षी त्याच ग्रुप डान्सला तेच रीमिक्स. एखाद्या वर्षी बास्केटबॉलच्या कोर्टवर गाणं लावून चार जणांनी स्केट्सवर काही केलं, तर काय बिघडेल? पडतील. प्रेक्षक हसतील, मग टाळ्या वाजवतील. स्केट्स नसतील तर मुलांच्या क्लासवाल्यांकडे मोठे साइज भाड्यानं मिळतात का ते विचारा. मागणी आली की ते ठेवतील. हेल्मेट आणि मनगटाचे गार्ड मात्र न चुकता घाला. विशीत पडताना मनगटच आधी टेकतं आणि सबमिशन हातानं लिहायची असतात.