मोटारीची हौस

बेळगावच्या खासबागेत गतवर्षी एका परिचिताच्या घरी जाण्याचा योग आला. ह्या भागात शिरताच यंत्रमागांचा खडखडाट कानी पडतो. हे गृहस्थही मागावरच काम करणारे. चहाची कपबशी पुढे सारून त्यांनी आमच्यापुढे आपले गाऱ्हाणे मांडले.

"पोरगं ऐकंना झालंय बघा, काका. आयटीआयला वेल्डिंग शिकलं, आता म्हणतंय सिनेमातली गाडी करणार. जुनी मारुती घ्यायला पैसे दे म्हणतंय. पैसे आहेत, पण ते पोरीच्या नर्सिंगच्या फीचे. काय करायचं, तुम्हीच सांगा की."

मुलाने मोबाईलवर ती मोटार आम्हांस दाखविली. काळीभोर, लांबलचक आणि पाठीवर वटवाघळाचे पंख! बॅटमॅन नामक नायकाची ही गाडी. मुलगा म्हणाला, "पत्रा वाकवायला मला येतंय, काका. इंजिन जुन्या गाडीचं तसंच राहतंय. मग अडतंय कुठं?"

वाचकहो, असले बेत ऐकून वडील माणसे हसतात. आम्ही हसलो नाही. कारण ह्या मोटारीचा इतिहास आम्हांस थोडाफार ठाऊक होता. ती मुळात बॅटमॅनसाठी घडविलेलीच नव्हती. अमेरिकेतील फोर्ड कंपनीने १९५५ साली प्रदर्शनासाठी 'लिंकन फ्यूचुरा' नावाची एकच अपूर्व मोटार तयार केली. तिचे अंग इटलीतील तुरिन शहरी घडविले गेले. पुढे तिचे कौतुक ओसरले आणि जॉर्ज बॅरिस नावाच्या कारागिराला ती अवघ्या एका डॉलरला मिळाली. त्याने तिला सुमारे तीन आठवड्यांत नवे रूप दिले, आणि जानेवारी १९६६ पासून ती दूरदर्शन-मालिकेतून घराघरांत पोहोचली. हीच मोटार २०१३ च्या लिलावात ४६ लाख डॉलरांहून अधिक किमतीला विकली गेली.

१९८५ च्या 'बॅक टु द फ्यूचर' ह्या चित्रपटातील काळप्रवासाच्या मोटारीची गोष्टही अशीच गमतीची आहे. कचरा पोटात घेऊन प्रचंड शक्ती निर्माण करणारे जे यंत्र तिच्यावर बसविलेले दिसते, त्याचे कवच म्हणजे कॉफी दळण्याचे घरगुती यंत्र होते. सारांश, पडद्यावरील ज्या वैभवाने आपली मुले दिपून जातात, ते पुष्कळदा जुन्या-पुराण्या वस्तूंतूनच उभे राहिलेले असते. तेव्हा भंगारातून मोटार घडविण्याचे स्वप्न पाहणारा मुलगा वेडा नव्हे. मूळ कारागिरांचाच तो धाकटा भाऊबंद होय.

इतके दूर तरी कशाला जावयाचे? शेजारच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. तेथील दत्तात्रय लोहार ह्या कारागिराने मुलाच्या हट्टापायी जुने सुटे भाग जमवून जीपगाडीच्या तोंडवळ्याची एक छोटी चारचाकी तयार केली. खर्च सुमारे ६०,००० रुपये. ती सुरू करावयाची फटफटीसारखी किक मारून! डिसेंबर २०२१ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्र ह्यांनी तिची जाहीर वाखाणणी केली. परंतु त्याच वेळी हेही सांगितले की, ही गाडी नियमांत बसत नसल्याने अधिकारी आज ना उद्या ती थांबवतील. तिच्या बदल्यात त्यांनी नवी बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती लोहार कुटुंबाच्या हाती आली. गोष्टीचा शेवट गोड झाला खरा; परंतु प्रत्येक लोहाराला महिंद्र भेटतातच असे नाही.

कायदा काय म्हणतो, तेही आम्ही त्या पितापुत्रांस सांगितले. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या ५२ व्या कलमान्वये, निर्मात्याने दिलेल्या मूळ वर्णनाशी विसंगत ठरेल असा फेरफार मालकास करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार अशा नियमबाह्य फेरफारास प्रत्येकी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

हा नियम हौशी माणसाच्या द्वेषाने केलेला नाही. जुन्या जीपगाडीला खाली लोखंडी सांगाडा वेगळा असे. वरचे अंग काढले तरी ती उभी राही. मारुतीसारख्या लहान मोटारीत मात्र पत्र्याचे अंगच सारा भार पेलते. तिचे छप्पर कापणे म्हणजे घराची आढी काढून घेण्यासारखेच. वर लोखंडाचे पंख चढवावेत, तर वजन वाढते आणि ब्रेक दाबल्यावर गाडी अधिक पुढे जाऊन थांबते. ते चार-सहा हात एखाद्या लेकराच्या जिवाचे असू शकतात.

म्हणून आम्ही त्या मुलास म्हणालो, "बाळ, डोळ्यांना जे दिसते त्याची नक्कल स्वस्तात खुशाल कर, बांबू, प्लायवूड, पुठ्ठा, रंग ह्यांनी ती साधते. परंतु ज्यावर माणसाचा जीव अवलंबून आहे, ते ब्रेक, सुकाणू आणि सांगाडा स्वस्तात करावयाच्या वस्तू नव्हेत. आणि बहिणीच्या फीचे पैसे तर आपले नव्हेतच."

मुलगा काही न बोलता उठून बाहेर गेला. आपण फार कठोर बोललो की काय, अशी रुखरुख परतीच्या वाटेवर आमच्या मनास लागून राहिली.

नाताळच्या सुमारास पुन्हा त्या गल्लीत गेलो, तेव्हा दारात वटवाघळाची मोटार उभी! खाली जुनी हातगाडी, वर बांबूचा सांगाडा, त्यावर प्लायवूड व काळा रंग. इंजिन नाही, चार पोरे ढकलतात आणि पाचवा आत बसून तोंडाने आवाज काढतो. मुलाने वेल्डिंगच्या मिळकतीतून महिनोन्महिने थोडे थोडे सामान आणून ती पुरी केली होती. कन्या नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला गेल्याचे तिच्या आईने आम्हांस सांगितले.

मोटारीचा एक पंख ढकलाढकलीत मोडला होता. बाप तो तारेने बांधीत बसला होता. आम्हांस पाहून किंचित ओशाळला आणि म्हणाला, "पोरगं कामावर गेलंय, काका. संध्याकाळी पोरं मागतील म्हणून म्हटलं, तेवढं बांधून ठेवावं."