डायची सरसकट भीती अनाठायी



‘सीटी स्कॅनचा डाय मूत्रपिंडे निकामी करतो’ हे गेल्या अंकातील पत्रातले विधान जुन्या अभ्यासांवर बेतलेले आहे. शिरेतून आयोडीनयुक्त डाय टोचल्यानंतर रक्तातील क्रिएटिनिन, म्हणजे स्नायूंत तयार होणारे व मूत्रपिंडांनी गाळून टाकायचे टाकाऊ द्रव्य, वाढलेले दिसले की दोष डायच्या माथी मारला जाई. परंतु जंतुसंसर्ग, उतरलेला रक्तदाब किंवा शरीरातील पाण्याची तूट यांमुळे डाय न घेतलेल्या अत्यवस्थ रुग्णांतही तशीच वाढ होते, आणि त्यांच्याशी तुलना करण्याचे भान पूर्वीच्या बहुतेक अभ्यासांनी ठेवलेच नव्हते. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजी आणि नॅशनल किडनी फाउंडेशन यांनी २०२० मध्ये संयुक्त निवेदनाद्वारे हा धोका पूर्वी अवास्तव मोठा मानला गेल्याचे स्पष्ट केले, ही महत्त्वाची बाब पत्रलेखकांच्या नजरेतून सुटलेली दिसते.

धोका मुळीच नाही, असा याचा अर्थ नव्हे. मूत्रपिंडांच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज देणारा ईजीएफआर हा आकडा ३० च्या खाली असेल, किंवा मूत्रपिंडांत नुकताच अचानक बिघाड झाला असेल, तर डायच्या आधी व नंतर शिरेतून सलाइन देणे आणि मधुमेहाचे मेटफॉर्मिन ४८ तास थांबवणे रास्तच ठरते. तथापि फुप्फुसाच्या धमनीत अडकलेली गुठळी किंवा महाधमनीच्या अस्तराला पडलेली चीर साध्या स्कॅनमध्ये सहसा नीट दिसत नाही, त्यामुळे अशा रुग्णाला केवळ क्रिएटिनिन थोडे वाढले म्हणून डाय नाकारणे हेच अधिक घातक आहे.

— एक वाचक